यॉटवर जाणाऱ्या गोव्याच्या मुलांसाठी एक मदत कक्ष सुरू करा : अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त, अनिवासी भारतीय व्यवहार, गोवा सरकार, पणजी

प्रत माहितीसाठी : नौवहन महासंचालनालय, मुंबई, बंदर कप्तान खाते, पणजी

महोदय,
स. न. वि. वि.

मी वास्कोत राहते आणि बोटीवर जाणाऱ्या माणसांचे कागद तयार करून देण्याचं काम करते. सीडीसीचे (खलाशाच्या सरकारी नोंदपुस्तकाचे) अर्ज, व्हिसाचे फॉर्म, जॉइनिंग लेटरची तपासणी, मुलाखतीची तयारी हे माझं रोजचं काम. पूर्वी माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं क्रूझवर किंवा मालवाहू जहाजावर जाणारी असायची. आता यॉटवर, म्हणजे मालकाच्या हौसेसाठी किंवा भाड्याने फिरणाऱ्या बोटींवर जाणारी मुलं-मुली येतात आणि त्यांचे कागद हातात घेतले की काळजी वाटते. क्रूझवर जाणाऱ्याच्या मागे मोठी कंपनी असते, परवाना असलेला एजंट असतो, मुंबईत ऑफिस असतं. यॉटवाल्याच्या मागे पुष्कळदा एक ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक कॅप्टन, एवढंच असतं. तो अडला तर त्याला कुठे पाठवायचं, हे मला आजही सांगता येत नाही. असं एक ठिकाण आपल्या कार्यालयात असावं, ही विनंती करायला हे पत्र लिहीत आहे.

ही मुलं कुठली, हे आधी सांगते. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा गोवेकर, म्हटलं की सासष्टी आणि बार्देशातली जुनी घरं डोळ्यांसमोर येतात. त्या घरांत आजोबांपासून बोटीची नोकरी आहे. कुठला कागद कुठे लागतो हे तिथे जेवता-बोलता कळतं आणि अडचणीला काका, मामा असतात. माझ्याकडे आता येतात ती डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथली मराठी शाळांत शिकलेली मुलं, घरातली बोटीवर जाणारी पहिलीच पिढी. काहींचे वडील मांडवी-जुवारीत खनिजाच्या बार्जवर होते. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने लीज रद्द झाल्या आणि ते बार्जवाले घरी बसले. नदीतल्या बार्जचा परवाना समुद्रावर चालत नाही. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे समुद्रावरच्या कामासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाचे, कोर्स नव्याने करावे लागतात, सीडीसी नव्याने काढावी लागते. घरातलं सोनं गहाण ठेवून मुलाला कोर्स करायला लावलेले बाप मी पाहिले आहेत. त्या मुलाचा एक कागद चुकला तर नोकरी जाते, आणि कोर्ससाठी काढलेलं कर्ज डोक्यावर तसंच राहतं.

कागद कसे चुकतात ते सांगते, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. जहाजावर जाणाऱ्या खलाशाला सी-१/डी व्हिसा लागतो, हे गोव्यात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून यॉटवर जाणाराही तोच काढतो. पण या व्हिसावर उतरलेल्या खलाशाला अमेरिकेत जास्तीत जास्त २९ दिवस राहता येतं. खाजगी यॉट फोर्ट लॉडरडेलला आली की रंगकामाला, इंजिनाच्या दुरुस्तीला यार्डात लागते आणि कधी कधी अख्खा हंगाम फ्लोरिडातच काढते. परदेशी झेंड्याची (परदेशात नोंदलेली) खाजगी यॉट २९ दिवसांपेक्षा जास्त काळ अमेरिकेच्या पाण्यात फिरणार असेल आणि पगार अमेरिकेबाहेरून मिळत असेल, तर तिच्या क्रूला बी-१ वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे या मुलाने बी-१/बी-२ व्हिसा काढायला हवा होता, आणि सोबत बोटीचं नाव, झेंडा, मालकाची माहिती, कामाचं स्वरूप, पगार कुठून येणार हे सगळं स्पष्ट लिहिलेलं कॅप्टनचं पत्र हवं होतं. पेडण्याचा एक मुलगा सी-१/डी घेऊन गेला. त्याच्या हातात नुसतं ‘अमुक बोटीवर नेमणूक’ असं दोन ओळींचं पत्र होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बोट कुठे जाणार, किती दिवस राहणार हे विचारलं. मुलाला सांगता आलं नाही. त्याला परत पाठवलं. आता पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर ‘कधी प्रवेश नाकारला गेला का’ या रकान्यात त्याला ‘हो’ लिहावं लागणार. ज्या एजंटाने पैसे घेतले होते, तो फोन उचलत नाही.

पूर्वी यावर एक वाट होती. मुलगा कॅरिबियनमध्ये बोटीवर असेल तर तिथल्याच एखाद्या देशातल्या अमेरिकन दूतावासात मुलाखत देऊन व्हिसा घ्यायचा. ६ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेने जाहीर केलं की अर्जदाराने आपल्याच देशात किंवा कायद्याने जिथे राहतो त्या देशात मुलाखत द्यावी. आपल्या मुलांसाठी याचा अर्थ मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. बोट अटलांटिक ओलांडायच्या तयारीत असताना डेकहँडला, म्हणजे डेकवरच्या कामगाराला, मुंबईला पाठवून तारखेची वाट बघत बसायला कुठला कॅप्टन तयार होईल? तो दुसरा माणूस घेतो, ज्याच्याकडे व्हिसा आधीच आहे. म्हणून हा व्हिसा निघायच्या आधीच, गोव्यात असतानाच काढला पाहिजे. हे मुलाला इथे कोणीतरी अधिकाराने सांगायला हवं.

युरोपची गोष्ट याहून अवघड आहे. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. खलाशी बोटीवर चढला की पासपोर्टवर बाहेर गेल्याचा शिक्का बसतो आणि दिवस मोजणं थांबतं, अशी समजूत आमच्याकडे घट्ट बसली आहे. काही बंदरांत तसं होतही असे. पण रॉटरडॅमच्या एका प्रकरणात ५ फेब्रुवारी २०२० रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवून दिलं की नुसतं बोटीवर नाव चढलं म्हणून शिक्का मारायचा नाही. बोट खरोखर लवकरच निघणार असेल तेव्हाच मारायचा. मालवाहू जहाज चार दिवसांत निघून जातं, त्याला याचा त्रास कमी. यॉट मात्र हिवाळाभर स्पेनमधल्या पाल्मा किंवा फ्रान्समधल्या आंतीबच्या धक्क्याला बांधलेली असते. मुलगा रोज डेक घासतोय, पॉलिश मारतोय आणि त्याचे ९० दिवस संपत चालले आहेत, याचा त्याला पत्ता नसतो. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर नवी पद्धत सुरू केली आहे. शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो आणि संगणकातली नोंद. पूर्वी एखादा अधिकारी पानं उलटून सोडून देत असे. संगणक दिवस बरोबर मोजतो. हिवाळाभर यार्डात राहायचं असेल तर त्या देशाचा लांब मुदतीचा व्हिसा लागतो आणि तो भारतातूनच काढून न्यावा लागतो. फोंड्याच्या एका इंजिनिअर मुलाचा पुढचा व्हिसा याच कारणावरून नाकारला गेला. काम चांगलं होतं, कॅप्टन खूश होता, बोट त्याच्यासाठी थांबायलाही तयार होती. हिशेब चुकला होता फक्त दिवसांचा.

आणि ज्यांना नोकरीच मिळालेली नाही, ती मुलं पर्यटक व्हिसावर आंतीब, पाल्माला जाऊन धक्क्यावर फिरत कॅप्टन लोकांकडे रोजंदारीचं काम मागतात. गोऱ्या मुलांचे व्हिडिओ पाहून आपलीही मुलं निघतात. ऑस्ट्रेलियाच्या किंवा इंग्लंडच्या पासपोर्टवर जे निभावून जातं, ते भारतीय पासपोर्टवर निभत नाही. पर्यटक व्हिसावर पगारी काम करताना सापडला तर मुलगा परत येतो आणि पुन्हा जाणं कठीण होऊन बसतं. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकराला हा प्रश्नच येत नाही, हे खरं. पण सत्तरीच्या मुलाकडे तो नाही, आणि त्याचे प्रश्न त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

दुबईचं तर बोलायलाच नको. व्हिजिट व्हिसावर या, मरीनात (यॉटच्या धक्क्यावर) बोट तयार आहे, नंतर व्हिसा बदलून देतो. असं सांगून नेलेली मुलं महिनोन्‌महिने खोलीत बसून परत आलेली मला ठाऊक आहेत. संयुक्त अरब अमिरात हा इमिग्रेशन तपासणी लागू असलेल्या १८ देशांपैकी एक. दहावी न झालेल्याला तिथे नोकरीसाठी जायला परवानगी लागते, आणि ही तपासणी चुकवण्यासाठीच एजंट व्हिजिट व्हिसाची वाट दाखवतात.

पैशांबद्दल एक गोष्ट आपल्या कार्यालयाने प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावावी असं मला मनापासून वाटतं. सागरी कामगार करार, म्हणजे २००६ चा एमएलसी, भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च त्याने करायचा, पण व्हिसाचा खर्च बोटीच्या मालकाने. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार खलाशांची भरती करणाऱ्याकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तरीही लाख-दोन लाख रुपये मोजून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात. मी यादी उघडून दाखवते. एजंटाचं नाव त्यात नसतं. मुलगा काही बोलत नाही, सोबत आलेली आई मात्र पुन्हा पुन्हा विचारते, ‘नीट बघा, असेल कुठेतरी.’

यॉटवाल्याचं दुखणं याच्याही पुढचं आहे. एमएलसी लागू होतो तो व्यापारी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या बोटींना. चार्टरवर, म्हणजे भाड्याने दिली जाणारी मोठी यॉट त्यात येते. मालकाच्या स्वतःच्या हौसेसाठी असलेली खाजगी यॉट येत नाही. बंदरातल्या कागदपत्रांची आणि खलाशांच्या किनाऱ्यावर उतरण्याची सोय लावणारा १९६५ चा फाल करार तर हौसेच्या यॉटना सरळ वगळतो. एमएलसीमुळे जहाजावरच्या खलाशाला दोन महिने पगार मिळाला नाही तर त्याला वाऱ्यावर सोडलं असं मानून विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी येण्याचा खर्च मिळण्याची सोय जानेवारी २०१७ पासून लागू आहे. खाजगी यॉटवरच्या मुलाला यातलं काही मिळेल याची हमी नाही. त्याच्याकडे असतो तो फक्त त्याचा करारनामा. तो इंग्रजीत, बारीक अक्षरांत, केमन बेटांच्या किंवा माल्टाच्या कायद्याचा हवाला देणारा. त्यावर सही करण्यापूर्वी तो कोणीतरी वाचून समजावून द्यावा, ही अपेक्षा फार मोठी आहे का?

एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत ‘मारेला डिस्कव्हरी’ ही क्रूझ मुंबईसमोर अडकून पडली होती, तेव्हा अख्ख्या गोव्याने आपल्या तारवट्यांसाठी आवाज उठवला. पालक रस्त्यावर आले, आमदार बोलले, केंद्राने खलाशांना उतरवण्याची पद्धत ठरवून दिली आणि मुलं घरी आली. तो आवाज उठला कारण एका बोटीवर शेकडो माणसं होती. यॉटवर गोव्याचा एखादाच असतो, फार तर दोघे. तो मार्सेच्या इस्पितळात पडलाय किंवा मालकाने बोट विकून त्याला धक्क्यावर उतरवलंय, ही बातमी होत नाही. घरच्यांना सरकारचं ‘मदद’ पोर्टल माहीत नसतं, भारतीय दूतावासांकडे अडकलेल्यांच्या मदतीसाठी कल्याण निधी असतो हेही माहीत नसतं. रात्री दोनला मला फोन येतो. मी दूतावासाचा क्रमांक देते, मेलचा मसुदा लिहून देते. यापुढे माझे हात पोचत नाहीत, कारण मी सरकार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या कार्यालयात यॉट आणि इतर लहान बोटींवर जाणाऱ्यांसाठी एक कक्ष सुरू करा. तिथे बसणाऱ्या माणसाला सीडीसी आणि व्हिसाच्या वर्गांची खरी जाण हवी. निघण्यापूर्वी मुलाने यावं, करारनामा, जॉइनिंग लेटर, व्हिसा, विमा दाखवावा, आणि त्या माणसाने मराठीत किंवा कोकणीत सांगावं की बाबा, हे बरोबर आहे, हे नाही. एजंट परवानाधारक आहे की नाही हे त्याच्यासमोर तपासावं. खाजगी बोट असेल तर करारात घरी परतण्याचा खर्च, आजारपण आणि पगार थकला तर काय, ही कलमं आहेत का ते पाहावं. बोटीचं नाव, झेंडा, कॅप्टनचा पत्ता यांची नोंद ठेवावी, म्हणजे उद्या काही झालं तर शोध कुठून सुरू करायचा हे कळेल. आणि रात्री उचलला जाणारा एक फोन असावा. दिवसा पणजीत कार्यालय उघडं असतं तेव्हा फ्लोरिडात मध्यरात्र किंवा पहाट असते.

निवृत्त तारवट्यांना आणि त्यांच्या विधवांना पेन्शन देणारी योजना गोवा सरकारने चालवली, याचा मला अभिमान आहे. म्हातारपणी आधार देणारं सरकार नोकरीच्या पहिल्या दिवशीही सोबत असावं, एवढंच मी मागते आहे.

बंदर कप्तान खात्याला प्रत पाठवण्याचं कारण वेगळं आहे. नोव्हेंबरपासून परदेशी यॉट आपल्याकडेही येतात. त्यांच्यावर दोन-चार माणसं असतात, बहुतेकांकडे सीडीसी नसते, नुसता पासपोर्ट. ई-व्हिसावर समुद्रमार्गे प्रवेश देणाऱ्या बंदरांत गोव्याचं नाव आहे, ही चांगली गोष्ट. पण उतरल्यावर इमिग्रेशन, कस्टम्स, आरोग्य, बंदर अशा टेबलांवर तीच क्रू लिस्ट पुन्हा पुन्हा द्यावी लागते. मुरगावहून मांडवीत यायचं तर पुन्हा वेगळी परवानगी. एखाद्याची आई आजारी पडली आणि त्याला विमानाने परत जायचं असलं, तर हा खलाशी म्हणून आला की पर्यटक म्हणून, यावर फाईल अडते. उपग्रह फोन आपल्या देशात विनापरवाना वापरता येत नाही, हे त्यांना किनाऱ्याला लागल्यावर कळतं. डिसेंबर २०२४ मध्ये दाभोळी विमानतळावर एका परदेशी पाहुणीला असल्याच उपकरणावरून अडवलं होतं. बोटीवर ते उपकरण जीव वाचवण्यासाठी असतं. त्याची नोंद आगमनाच्याच फॉर्ममध्ये करून घेतली तर कोणाचंच नुकसान नाही. परदेशी नागरिकांचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि चार जुने कायदे गेले. ३० सप्टेंबर २०२४ ला जाहीर झालेल्या क्रूझ भारत मोहिमेत यॉटचाही समावेश आहे. पद्धत नव्याने बसवायची तर याहून योग्य वेळ नाही. इथल्या इमिग्रेशनने यॉटच्या क्रूसाठी एकच सोपा फॉर्म आणि एकच खिडकी ठेवली, तर परदेशातल्या बंदरांत आपल्या मुलांसाठी तेच मागताना आपला शब्द वजनदार होईल.

मरीना हवा की नको, या वादात मला इथे पडायचं नाही. मरीनाला विरोध करणाऱ्या नावशीच्या गावकऱ्यांची आणि मच्छीमारांची बाजू मला समजते. मी मागते आहे त्याला नदीत एक खांबही रोवावा लागत नाही.

दिवाडीच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीने जगाची प्रदक्षिणा केली. ‘तारिणी’वर नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातूनच निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या. शिडाच्या बोटींसाठी देशभरात ज्या राज्याचं नाव घेतलं जातं, त्या राज्यातल्या मुलांना शिडाच्या बोटीवर नोकरीला जाताना साधा सल्ला मिळू नये, हे मला फार लागतं.

माझ्याकडे कामाच्या ओघात तयार झालेल्या याद्या आहेत : अमेरिका, शेंगेन, आखात आणि कॅरिबियनसाठी कुठले कागद लागतात, कॅप्टनच्या पत्रात काय काय असायला हवं, करारनाम्यात कुठली कलमं पाहायची. त्या मराठीत आहेत. त्यांतले नियम वरचेवर बदलतात, म्हणून त्या सरकारी माणसाकडून तपासून घ्याव्या लागतील. त्या मी विनामूल्य देईन, कक्षातल्या कर्मचाऱ्यांना शिकवायलाही येईन. यॉटवरून परत आलेल्या, आता गावात असलेल्या काही मुलांनीही येण्याची तयारी दाखवली आहे. सप्टेंबरपासून मुलं निघायला लागतात, कारण भूमध्य समुद्रातला हंगाम संपत आला की बोटी कॅरिबियनसाठी माणसं शोधतात. कक्ष त्याआधी, पावसाळ्यातच सुरू झाला तर या वर्षी जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. आपण बोलवाल त्या दिवशी मी याद्या घेऊन पणजीत येते.

आपली नम्र,
खलाशांचे कागद तयार करणारी एक वास्कोकर